आवाज भरायचं काम

३ जून
नोकरी लागली, खोलीही मिळाली. खूश आहे, इथे लिहायला हरकत नाही. काम आवडीचं आहे: तयार सादरीकरणांत आवाज भरायचा. चित्रं नि मजकूर ऑफिसातल्या ताई करतात, निवेदन माझं. माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका. नाहीतर श्वास माइकवर फुटतो, आवाजात खरखर येते. स्लाइड बदलताना बोललेलं ध्वनिमुद्रित होत नाही, म्हणून वाक्य संपवायचं, थांबायचं, मगच पुढची स्लाइड. ताई म्हणाल्या, आधीची मुलगीही अशीच काटेकोर होती, पण शेवटी शेवटी चहा हवाय का विचारलं तरी नुसती मान हलवायची. मग हसून म्हणाल्या, तू तरी बोलत राहा गं बाई, नाहीतर मला भिंतींशी गप्पा माराव्या लागतील.

संध्याकाळी आईला फोन केला. तिला दिसेनासं झाल्यापासून तिच्यासाठी मी म्हणजे माझा आवाज. रोज बोलायचं ठरलंय.

५ जून
नवं सादरीकरण: घरी रुग्णाची देखभाल कशी करावी. आज प्रश्नांची स्लाइड. संहितेत ‘औषध घेतलंत का’ होतं. माझ्या तोंडून आईला विचारते तसं ‘औषध घेतलंस का’ गेलं. पुन्हा करते म्हटलं, तर साहेब म्हणाले, राहू दे, घरच्यासारखं वाटतं. पुढचंही सगळं असंच बोल.

फोनवर आईला तेच विचारायला गेले आणि वाक्य घशातच अडलं. ‘गोळी झाली का’ म्हटलं, ते निघालं. सर्दी असावी.

७ जून
आजची स्लाइड: दृष्टी गेलेल्या माणसाच्या खोलीत शिरताना आधी आपली ओळख द्या. ‘आई, मी आले.’ एका दमात झालं. ताईंनी डोळे पुसले आणि वर मलाच रागावल्या, काजळ पसरलं म्हणून.

९ जून
सर्दी नाही. नीट तपासलं. जे वाक्य स्लाइडवर भरलं, तेच मला बोलता येत नाही. शब्द सुटे येतात, वाक्य येत नाही. दुपारी एका स्लाइडवरचा आवाज पुसला. ते वाक्य लगेच परत आलं. पुन्हा भरलं, पुन्हा गेलं. कारण कळत नाही, पण उपाय आहे. सगळंच पुसायला बसले, तेवढ्यात साहेबांनी बैठकीला बोलावलं. उद्या सकाळी पहिलं हेच.

१० जून
साहेब खुशीत होते. माझं तेवढंच काम वाचावं म्हणून त्यांनी कालच सादरीकरणाचा व्हिडिओ करून ग्राहकाला पाठवला. व्हिडिओत आवाज चित्राशी एकजीव होतो. स्लाइडवरून पुसला तरी तिथे राहतो.

पुसला. एकही वाक्य परत आलं नाही. ताईंनी विचारलं, काय गं, भूत पाहिलंस की काय.

१२ जून
आई म्हणाली, काल किती छान बोललीस, औषधाचं विचारलंस, झोपेचं विचारलंस.

काल मी फोन केला नव्हता. उपाय सुचेपर्यंत नको म्हणून.

तसं सांगू लागले, तर ती म्हणाली, आज आवाज तुझ्यासारखा वाटत नाही.

१३ जून
न भरलेली वाक्यंही जाताहेत. सकाळी दूधवाल्याशी खुणांनी —

आईला फोन. माझा नुसता श्वास. कोण आहे, कोण आहे, मग रिकामटेकडे मेले, म्हणून तिने फोन आपटला. मी पुन्हा लावला. लाइन व्यस्त. बराच वेळ व्यस्त.

घरी निघते. तिचा हात हातात घेईन. हातावरून तरी ओळखेल.

१४ जून
आमच्याच पायरीवर बसून लिहितेय. दार आतून बंद. वाजवलं. आईने विचारलं, कोण? तोंड उघडलं — काही नाही. पुन्हा वाजवलं. पुन्हा, कोण?

आत कुणीतरी म्हणालं, आई, तू बस, मी बघते.

माझा आवाज. स्वच्छ. खरखर नाही.

आई म्हणाली, बघ बाई, कालपासून कुणीतरी छळतंय. मग हसली. म्हणाली, थांब, आधी हात तर सोड, किती गार गं हात तुझा —

हातही —

पावलं येताहेत. माझ्यासारखीच, जरा फरफटत. उठायला हवं. आईला कसं — दारावर लिहून — तिला दिसत

कडी सर