चिखलीच्या चिमाबाईसाठी नऊ दिवस

रविवार, ८ जानेवारी १९७८

फादर मेंडिसना नवीन खूळ! चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर बाराजणांना हॉलमध्ये अडकवून ठेवलं. म्हणे, धर्माचं सांगणं हे काही फक्त फादर-सिस्टरांचं काम नाही. तुम्ही संसारी माणसांनीच शेजारीपाजारी सांगायचं. सहा रविवार वर्ग. पाठांतर नाही, वादावादी तर मुळीच नाही. एक माणूस निवडायचा. आधी त्याचं ऐकायचं. मग येशूनं आपल्याला कसं सावरलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. आणि दर रविवारी उभं राहून काय घडलं ते सगळ्यांसमोर बोलायचं!

"रोजच्या ओळखीचं माणूस घ्या. घरमालकीणसुद्धा चालेल." हे नेमकं माझ्याकडे बघून!

घरमालकीण! आमच्या केसरबाईंना आम्ही ख्रिस्ती आहोत हेच ठाऊक नाही.

मंगळवार, १० जानेवारी

यांना वर्गाचं सांगितलं. हातातला घास तसाच राहिला.

चार वर्षांपूर्वी चिंचवडात खोल्या शोधत होतो. तीन ठिकाणी खरं सांगितलं. तिन्हीकडे खोली "आत्ताच गेली" होती. चौथं दार केसरबाईंचं. त्यांनी विचारलं, "कुटले म्हनायचे?" हे म्हणाले, "नगरकडचे गायकवाड." आणि गप्प. बाईंनी समजायचं ते समजून घेतलं, आम्ही समजू दिलं. तेव्हापासून मारियामातेची तसबीर ट्रंकेत साड्यांच्या खाली, आणि आम्ही दर रविवारी "पिंपरीच्या मामांकडे". आपण आमचे मामा आहोत याची फादरना कल्पना नाही!

"सोजरा, वर्ग कर, काय करायचं ते कर," हे म्हणाले, "पण या घरात तोंड उघडू नको. पुन्हा वळकट्या घेऊन कुठं फिरायचं?" कंपनीत फोरमनला उलटं बोलणारा माणूस, केसरबाईंपुढे आवाज बसतो.

रविवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. केसरबाईंकडे हळदीकुंकू, सगळी धावपळ माझ्यावर. "ही हाय म्हनून माजं घर चालतंय," असं साऱ्या बायकांना सांगत होत्या. बरं वाटलं, आणि मी तिळगुळाचं ताट घेऊन आत पळाले.

आज वर्गात पहिले सोपानराव. पोस्टातून निवृत्त झालेत, आता देवाचं टपाल वाटतात. बसमध्ये पाचजणांना गाठलं म्हणे. त्यातले दोघे पुढच्याच स्टॉपला उतरले — ते विचार करायला, असं सोपानरावांचं मत!

मग माझं नाव. रिकाम्या हातानं उभं राहायची लाज वाटली आणि तोंडातून निघून गेलं — "चिखलीची चिमाबाई."

चिखलीच का? आमच्यातलं कुणी तिकडं फिरकत नाही म्हणून. म्हातारी, एकटी, बाजारात भाजी घेऊन बसते. मी नुसतं तिचं ऐकलं, एवढंच सांगितलं. फादर टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघा! हिनं ऐकलं!" टाळ्या पडल्या. सोपानरावांचं तोंड बघण्यासारखं झालं.

गुरुवार, १९ जानेवारी

चिमाबाईला दोन म्हशी दिल्या. एकटीला करमायचं कसं?

रविवार, २२ जानेवारी

म्हशींनी मजा आणली. पण मी थांबायला हवं होतं. चिमाबाईला दमा लावला! वर्गातल्या चतुराबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी तिथल्या तिथं नोव्हेना ठरवली — नऊ दिवस, रोज संध्याकाळी, प्रत्येकानं घरी चिमाबाईच्या दम्यासाठी प्रार्थना करायची. फादरसुद्धा!

घरी येऊन यांना सांगितलं. इतके हसले की खाटेवरून पडायचे राहिले. मग एकदम थांबून म्हणाले, "आणि आपण? आपण करायची का?"

केली. दार लावून, हळू आवाजात. न करावी तर बाकीच्यांना फसवल्यासारखं वाटत होतं!

रविवार, २९ जानेवारी

मेले! फादर म्हणतात, उद्या नोव्हेना संपतेय, पुढच्या रविवारी वर्ग झाल्यावर सगळे मिळून चिमाबाईला भेटू. सोपानराव टेम्पो बघणार. चतुराबाईंनी तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. निळा.

शनिवार, ४ फेब्रुवारी

एकच वाट उरली होती. पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे फादर. एका दमात सांगून टाकलं — चिमाबाई नाही, म्हशी नाहीत, दमा नाही.

पलीकडून खोकल्यासारखा आवाज. हसत होते!

आणि माझ्या डोक्यात आलं, अगं बाई, जाळीत ऐकलेलं फादरना बाहेर काढताच येत नाही, तसा नियमच आहे! कुणाला सांगता येणार नाही, त्यावरून टेम्पोही रद्द करता येणार नाही. उद्या मी गप्प बसले तर बिचाऱ्यांना चिखलीला यावं लागेल. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला लिहू.

"का केलंस?" त्यांनी विचारलं. मग खोलीचं सगळं सांगितलं. रडू आलं. फादर म्हणाले, "चिमाबाईला जे सांगणार होतीस, ते एका खऱ्या माणसाला सांग. हेच तुझं प्रायश्चित्त. खोलीचं काय होईल ते मला सांगता येत नाही."

दहा जपमाळा दिल्या असत्या तर परवडलं असतं.

रविवार, ५ फेब्रुवारी

टेम्पो दारात. फादर खिडकीबाहेर बघत, चेहरा अगदी कोरा. मी उभी राहिले. "चिमाबाई नाहीच. मी रचली."

सोपानराव तडकले. "मग आमचे नऊ दिवस गेले कुठं?"

चतुराबाई विणता विणता म्हणाल्या, "जातात कुठं? दम्याची म्हातारी काय एकच असते? प्रार्थना लागली असेल कुणाला तरी." आणि पुढची ओळ विणायला घेतली. फादरनी रुमालात तोंड खुपसलं.

बुधवार, ८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. दर वर्षी कपाळावरचा राखेचा क्रूस गल्लीच्या तोंडाशी पदरानं पुसते. आज पुसला नाही. हे दुसऱ्या शिफ्टला.

केसरबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. "कपाळाला काय गं?"

"राख आहे. चर्चमधली. आम्ही ख्रिस्ती आहोत, काकू." एकदा सुरू झाल्यावर थांबले नाही. माझी दोन लेकरं पाळण्यातच गेली, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा मी रोज मारियामातेशी भांडायचे, ते आज सांगितलं. तिचाही मुलगा तिच्या डोळ्यांसमोर गेला. ती माझं सगळं ऐकून घ्यायची. म्हणून मी वेडी झाले नाही.

त्यांनी तसबीर मागितली. मी ट्रंकेतून काढून आणली. बराच वेळ बघत बसल्या.

"चार वर्सं हिला कापडाखाली कोंडलीस? माज्या भ्यानं?"

त्यांनी तसबिरीला हात जोडले आणि आत निघून गेल्या.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

केसरबाई सकाळी दारात आल्या, आत आल्या नाहीत. डोळे सुजलेले. "तुज्या त्या माऊलीवर माजा राग न्हाई. तुमच्यावर हाय. मी तुला लेक म्हनलं, आन् तू रोज माज्या तोंडावर खोटं बोललीस. म्हैनाभरात खोली सोडा."

हे मला एका शब्दानंही बोलले नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. स्वयंपाक उरला.

रविवार, १९ फेब्रुवारी

सांगवीला खोल्या बघायला गेलो. पहिल्या दारात मालकानं काही विचारायच्या आधीच हे बोलले, "आम्ही ख्रिस्ती आहोत. आधीच सांगितलेलं बरं." दार लागलं. दुसरंही लागलं. तिसऱ्या दारात मी बोलायला पुढं झाले, तर माझा हात धरून म्हणाले, "सोजरा, थांब. मला सांगू दे."