अक्का, तुला काय आठवत होतं

प्रिय अक्का,

आज दहावीच्या वर्गात मेंदूचा धडा घेतला. दरवर्षीच घेते, पण फळ्यावर ‘हिप्पोकॅम्पस’ लिहून आज पहिल्यांदाच घाईनं पुढे सरकले नाही. मुलांना मी सरळ तुझी गोष्ट सांगितली. घरी आले आणि वाटलं, सगळ्या जगाला सांगितलं, तुलाच तेवढं राहिलं! तू होतीस तेव्हा सांगून उपयोग नव्हता, दहा मिनिटांत सगळं पुसलं जायचं. आता तुला जाऊन दोन वर्षं झाली. आता ऐक.

टेलिफोन खात्यातली तू ऑपरेटर. अर्ध्या बंगळूरचे नंबर तुला तोंडपाठ. मग नव्वद साली एका सकाळी दम्याचा तो भयंकर झटका आला आणि काही मिनिटं तुझा श्वासच थांबला. डॉक्टरांनी तुला परत आणलं. शुद्धीवर आलीस, मला ओळखलंस, म्हणालीस, “सुली, स्वल्प कॉफी दे ग.” आम्ही आनंदानं रडलो! तू कॉफी प्यालीस, कप ठेवलास आणि पुन्हा म्हणालीस, “सुली, स्वल्प कॉफी दे ग.”

डॉक्टरांनी मला कागदावर मेंदू काढून दाखवला. म्हणाले, “समजा, मुलीचं बारसं. बाळाचा चेहरा डोक्याच्या मागच्या भागात, पाळण्याची गाणी कानामागच्या भागात. आठवण अशी विखरून असते. ती एकत्र बांधतो हा आतला, बोटाएवढा वाकडा भाग, हिप्पोकॅम्पस. पुढे वासानं, सुरानं एक टोक हाताला लागलं, की तोच बाकीचं ओढून आणतो. प्राणवायू तुटला की आधी हाच मरतो. जुन्या आठवणींची बांधणी हळूहळू बाहेरच्या भागांत पक्की झालेली असते, म्हणून त्या राहतील. नवी एकही बांधली जाणार नाही.”

म्हणजे तुझी लेक नंदा तुझ्यासाठी कायमची सहा वर्षांची राहिली.

भावोजींची कारखान्यात पाळी, म्हणून तुला मी माझ्याकडे मल्लेश्वरमला आणलं. नंदा त्यांच्याजवळ यशवंतपूरला. दर रविवारी ती यायची. आधी आधी तू ओळखायचीस; मग ती उंच झाली, दात बदलले, आणि दर रविवारी तू विचारायला लागलीस, “ही कुणाची ग मुलगी? गोड आहे.” पोरीचा चेहरा मला बघवेना. शेवटी मीच भावोजींना म्हटलं, “नका आणू तिला. अक्काला काही कळत नाही, आणि हिला मात्र सगळं कळतं.” दोन वर्षं मी मायलेकींना दूर ठेवलं, अक्का. जीवशास्त्राची मास्तरीण मी! हा गुन्हा माझा.

दहा वर्षांची झाल्यावर एका दुपारी ती एकटीच बसनं आली. तू नेहमीचं विचारलंस. ती किंचाळली, “मीच नंदा आहे! तू माझी आई आहेस आणि तुला मी आठवत नाही!” तू ढसाढसा रडलीस. मी तिला हाताला धरून बाहेर नेलं. दहा मिनिटांनी आत आले, तर तुला काहीच आठवत नव्हतं. पण पाच वाजले तरी तू भिंतीला टेकून तशीच बसलेली.

“सुली, आज काही वाईट बातमी आली का ग? छातीत दडपल्यासारखं होतंय. का, तेच कळत नाही.”

नंदा दारात उभी होती. तिनं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे धावले. ते म्हणाले, “त्या वाकड्या भागाच्या टोकाशी बदामाएवढा दुसरा भाग असतो. भीती, माया, दुःख यांची खूण तो ठेवतो. तो शाबूत दिसतो. घडलेलं जातं, वाटलेलं बराच वेळ मागे राहतं.”

मी नंदाला हे सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे मावशी, मी तिला हसवलं तर ते पण राहील?”

आणि ती रोज यायला लागली! शाळा सुटली की बस, बसमधून तुझ्याकडे. तुझी वेणी घालायची, जुने नंबर विचारायची. तू खडाखडा सांगायचीस आणि दोघी खिदळायच्या. ती गेल्यावर मी मुद्दाम विचारायची, “कोण आलं होतं ग?”

“कुणी नाही. का? पण आज बरं वाटतंय हं!”

वर्षभरात तर नवलच झालं. चार वाजता फाटक वाजलं की नाव-गाव काही माहीत नसताना तू बाकावर सरकून जागा करायचीस. इतर कुणासाठी कधी सरकली नाहीस. माझ्यासाठीसुद्धा नाही! तेव्हा थोडा रागच आला होता, आता कबूल करते.

शेवटच्या दिवशी पुन्हा दमा. नंदा तुझा हात धरून बसलेली. “तू कोण ग?” “नंदा.” “छे, माझी नंदा एवढीशी आहे.” पोरगी उठली आणि रिक्षा आणायला गेली. ती परत येईपर्यंत तू गेली होतीस. आईनं आपल्याला ओळखलं नाही, एवढंच घेऊन ती आजवर वावरते आहे.

मधल्या त्या पाच मिनिटांत तू माझा पदर ओढलास. दाराकडे बघत म्हणालीस, “सुली, ती मुलगी परत येईल ना ग? तिनं हात धरला की मला भीती वाटत नाही.”

हे मी तिला कधी सांगितलं नाही. ‘ती मुलगी’ हे शब्द तिला टोचतील, असं वाटलं. पुन्हा माझंच शहाणपण! ती आता चौदा वर्षांची आहे, आणि तुझा मेंदू तिला माझ्यापेक्षा आधी समजला होता. उद्या रविवार. सकाळच्या पहिल्या बसनं मी यशवंतपूरला जाते आणि तुझे शब्द तिला जसेच्या तसे देते, ‘ती मुलगी’सकट. वचन देते, अक्का.

तुझी,
सुली