तेलाचा थेंब

प्रिय छकुले,

खोकला गेला का? पांघरूण पुरतं का, हे तू लिहीत नाहीस, आणि इथे माझ्या जिवाला घोर. तुझ्या वकीलबाईंकडून मी पुस्तक आणलंय, माणसं गुन्हा का करतात यावरचं. ओळीखाली बोट धरून वाचतो. काका, परीक्षेला बसताय की काय, म्हणून बाई हसल्या.

एक पंडित म्हणतो, गुन्हा रक्तातच असतो, चोर कानांवरून ओळखू येतो. मी आरशापुढे बराच वेळ उभा राहिलो. तुझे कान माझ्यासारखेच गं. दुसरा म्हणतो, गरिबी. पण आपण उपाशी कधी झोपलो? तिसरा म्हणतो, माणूस नफातोटा तोलून चोरी करतो. तुला तर भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा जमत नव्हती.

चौथ्यापाशी अडकलो. तो म्हणतो, गुन्हा शिकावा लागतो, आणि शिकवणारी माणसं जवळचीच असतात. ते पान तीन दिवस उलटवलं नाही. आई गेल्यावर सात वर्षांच्या तुला कुलपांच्या दुकानात मीच बसवलं. कुलूप तोडायचं नाही, त्याची समजूत काढायची, उघडलं की तेलाचा थेंब सोडून पुसायचं, हे माझंच. शेजारणीची पेटी तू न विचारता उघडलीस, तेव्हा रागवायचं सोडून तुला खांद्यावर घेऊन नाचलो.

पोलिसांना तुझं नाव मैत्रिणीने सांगितलं असं तुला वाटतं. तिला बोल लावू नकोस. जुना कारागीर म्हणून पोलिसांनी मला ते दागिन्यांचं कपाट बघायला नेलं होतं. कुलपावर ओरखडा नाही, आत ताजं तेल. माझी छातीच फुगली. बोलून गेलो, असं काम अख्ख्या शहरात माझी लेकच करते. हवालदाराने वही उघडली, तेव्हा कळलं काय बोललो ते. याला पुस्तकात कुठे नाव नाही.

हे तू सुटायच्या आत सांगायचं होतं. सोमवारी तू सुटून येशील, तेव्हा मी घराला कुलूप लावून दुकानात बसेन. तुझ्यासमोर उभं राहायचा धीर नाही. किल्ली तुला लागत नाही. घरात थांबलीस तर माझं नशीब. सामान घेऊन निघून गेलीस, तरी कुलपात थेंबभर तेल सोड. वर्षभर मी ते कोरडंच ठेवलंय. संध्याकाळी बोटाला तेल लागलं, की समजेन, येऊन गेलीस.

तुझाच,
बडबड्या बाबा