आतली कडी

मंगळवार, ९ जून

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझी कंबर कशी आहे? लाकडं उचलायला आता माणूस ठेव. माझी भाडेकरू मलम पाठवते आहे. नर्स आहे ती, तिचा सल्ला ऐक.

मंत्र्यांच्या भाषणावरून झालेला गोंधळ टीव्हीवर ऐकला असशीलच. "बायकांनी बायकांशी संसार थाटायचा म्हणे! कायदा आणू आणि बंद दार उघडून बघू. असल्यांना कसलं आलंय खासगीपण?" मंत्री हे बोलले तेव्हा सभागृहात लघुलिपी घ्यायची पाळी माझी होती. आमची पाळी दहा मिनिटांची. तेवढ्यात हात थांबवायचा नाही, आभाळ कोसळलं तरी. मी शब्दन् शब्द उतरवला.

गदारोळ झाला तसे मंत्री म्हणाले, मी असं बोललोच नाही. त्यांचे सचिव आमच्या खोलीत आले. "बाई, 'कायद्याचा आदर करा' एवढंच म्हणाले साहेब. तसं टाइप करा."

"व्याकरण सुधारते, साहेब. शब्द बदलत नाही."

गोड हसून म्हणाले, "घरी कोण कोण असतं हो तुमच्या?"

सही मात्र मी मूळ मजकुरावरच केली. आता चौकशी मागे लागेल, उद्या तुझ्या कारखान्यातही कुणी येईल. त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक. ती भाडेकरू नाही. अकरा वर्षं आमचा संसार आहे.

तुला ठाऊक आहे, असं मला नेहमी वाटतं. दारं बसवायला आलास तेव्हा घरात पलंग एकच होता. दुसरा येतोय, म्हणून मी उगाच बडबडत होते. तू पेन्सिल कानामागे खोचलीस, झोपायच्या खोलीला न सांगता आतून कडी बसवलीस आणि म्हणालास, "घट्ट आहे. बाहेरून नाही उघडायची." चहा पिऊन गेलास.

तेव्हा आभार मानले नाहीत. मानले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं. आज मानते, दादा, मनापासून. त्या दाराआड आम्ही भांडलो, खिदळलो, तापात एकमेकींचं डोकं चेपलं. तुझे उपकार फिटायचे नाहीत.

नोकरीचं व्हायचं ते होवो, तू तेवढा तोंड फिरवू नकोस. रविवारी जेवायला ये. तिला कुठल्या नात्यानं हाक मारायची ते तूच ठरव, आम्हाला अजून जमलेलं नाही.

तुझ्या,
आम्ही दोघी