तू सांगतोस ती माझ्या बापाची गोष्ट

प्रिय थुसो,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीनं पडला. खोडला तर कागद घाण दिसेल, म्हणून राहू देते. तू त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

तुझ्या मामांकडे तू निरोप पाठवलास, की ‘ओना आमच्या कॅम्पवर येऊन गेली, पण माझ्याशी धड बोलली नाही.’ बोलले नाही हे खरं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर तुझ्या त्या गोऱ्या पाहुण्यांसमोर काय बाहेर पडलं असतं, मलाच ठाऊक नाही. आता घरी बसून, दार लावून बोलते. तू मात्र शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर घडी घालून खिशात कोंबायची तुझी खोड मला माहीत आहे.

आईला तिथं न्यायचं किती वर्षं माझ्या मनात होतं. तिचा जन्म त्या बेटावरचा. तिच्या हातचं कमळकंदाचं कालवण ओरपत तू मोठा झालास, तेव्हा तिनं तुला ते बेट हजारदा सांगितलंय. रान राखीव झालं, माणसांना भांडीकुंडी होड्यांत घालून बाहेर काढलं, तेव्हा ती मी शिकवते त्या वर्गातल्या पोरींएवढी होती. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. दिसतंय तोवर एकदा बघून घेते म्हणाली. फ्रान्सिसटाउनच्या आमच्या शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागली आणि आम्ही निघालो. पूर अंगोलाहून नुकता उतरला होता, आभाळात बोटभर ढगही नाही आणि गवताच्या शेंड्यांपर्यंत पाणी. राखीव रानाच्या दरवाज्यावर नाव लिहून सही करायची होती. जिथं तिची आजी मासे वाळवायची, तिथं जायला सही! आई म्हणाली, “लिही बाई, पाहुणी म्हणून लिही. माझ्या घरी मीच पाहुणी.” आणि हसली. मला हसू आलं नाही.

तू तिथं असशील याची मला कल्पना नव्हती. गाडीतून उतरलो तर काळा चष्मा लावून, ओले रुमाल घेऊन समोर तू. आईला तू ओळखलंस. तुझा हात जरा थांबला, ते मी पाहिलं. पण मागे ते डच जोडपं होतं, तो अमेरिकन म्हातारा होता, म्हणून तू इंग्रजीत म्हणालास, “वेलकम, मॅडम.” आईनं तुझ्या चेहऱ्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, “इंग्रजी मला येत नाही रे बाळा. तुझा आवाज मात्र येतो ओळखीचा.” तू हसून तिची पिशवी उचललीस. पाया पडणं राहिलं, निदान ‘मा-ओना’, ओनाची आई, म्हणून हाक तरी मारायचीस! अर्धं लहानपण त्या बाईच्या चुलीपाशी काढलेला माणूस तू.

तिनं मनावर घेतलं नाही. तंबूतल्या पलंगावर बसून पाय हलवत राहिली. चहा पिऊन कप स्वतःच विसळून ठेवला. त्यावर स्वयंपाकघरातली बाई धावत आली, “अहो मा, माझी नोकरी घालवता का?” म्हणून. दोघी बोलायला लागल्या तर कुठल्यातरी चुलत आत्याकडून नातं निघालं. पाणघोडे पाण्यात घुरघुरायला लागले तसे डच बाईचे डोळे मोठे झाले. आई म्हणाली, “भांडतायत. जागेवरून. आमचीसुद्धा माणसं अशीच भांडायची.” मला वाटलं, चला, निभावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला तू आम्हांला बेटावरच्या त्या मोठ्या झाडाखाली नेलंस. जेवण झाल्यावर अमेरिकन म्हातारा म्हणाला, “पाणघोड्यानं माणूस मारलेला तू कधी पाहिलायस?” थुसो, तिथं तू ‘नाही’ म्हणू शकला असतास. ‘पाहिलाय, पण सांगण्यासारखं नाही’ म्हणू शकला असतास. तू उठून उभा राहिलास. चष्मा काढलास. ती गोष्ट तू किती वेळा सांगितली असशील ते त्या उठण्यातच कळलं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं घोटलेलं. म्हातारा गुरू, सामोचाओ नावाचा, नदीचा राजा, फक्त एकच वाईट सवय. मग तू बाटली तोंडाला लावल्याची नक्कल केलीस आणि हातातला बांबू होडी हाकल्यासारखा रोवत झोकांड्या खात चालून दाखवलंस. लोक हसले. डच बाई तोंडावर हात ठेवून हसली. मग पाणघोडा, मग उलटलेली होडी, मग तू पाण्यात घेतलेली उडी.

आईला इंग्रजी कळत नाही यावर तू भिस्त ठेवली होतीस. पण सामोचाओ हे नाव कुठल्याही भाषेत सामोचाओच असतं. आणि झोकांड्यांना भाषा लागत नाही.

तिनं मला विचारलं, “हा कुणाची नक्कल करतोय?”

मी म्हटलं, “काही नाही, गंमत चाललीय.”

“गंमत नाही. तू शिकलेली आहेस ना? मग शब्दाला शब्द सांग.”

मी सांगितलं. तुझ्या मागोमाग, हळू आवाजात, एकही शब्द न गाळता, माझ्या बापाला दारुडा म्हणत मी माझ्या आईला ती गोष्ट सांगितली. ते काम तू माझ्याकडून करून घेतलंस. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तू असं काय केलं होतंस ते तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या बायकोलाही माहीत नसेल, म्हणून लिहिते. बाबा दारूला शिवायचे नाहीत. चर्चच्या लोकांनी शपथ घातली तेव्हापासून नाही, त्याच्याही आधीपासून नाही, कारण त्यांचा स्वतःचा बाप पिऊन बुडाला होता. ज्याच्या हाताखाली तू होडी शिकलास, पाण्याचा रंग बघून खोली ओळखायला शिकलास, त्याच्या मरणाच्या चौकशीला आलेल्या साहेबांना तू सांगितलंस, की म्हाताऱ्याच्या तोंडाला सकाळपासून वास येत होता. साहेबांना तेवढंच हवं होतं. त्या दिवशी तुझ्या होडीत असलेली पाहुणी बाई, एवढी एकच साक्षीदार, केव्हाच विमानात बसून गेली होती. त्यानंतर आईला गावात ‘दारुड्याची बायको’ म्हणू लागले. चर्चच्या गाण्यात ती पुढे उभी राहायची, तिला मागे सरकवलं. आणि आपलं लग्न ठरलेलं होतं, तर तुझे मामा आमच्या अंगणात टोप्या हातात घेऊन आले. दारुड्याची लेक घरात आणणं त्यांना बरं दिसत नव्हतं. तू त्यांच्याबरोबर आला नाहीस. कुंपणापलीकडे गाडीत बसून होतास. तुझं कोपर खिडकीतून दिसत होतं.

तेव्हा मी समजत होते, की तू भ्यालास आणि नोकरीसाठी खोटं बोललास. एवढंच. त्याहून मोठं काही असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

तर त्या दुपारी आईनं गोष्ट ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुझ्याकडे गेली आणि म्हणाली, “थुसो, मला एकटीला त्या चिंचोळ्या पाटात ने. जिथं त्यांची होडी उलटली तिथं.” तू लगेच तयार झालास. मला सोबत घेईना. थंडी अशी होती, की श्वासाची वाफ होत होती. घोंगडी पांघरून ती होडीत पुढे बसली, तुझ्याकडे पाठ करून, आणि तुम्ही लव्हाळ्यात दिसेनासे झालात. परत आलात तेव्हा तू खुशीत होतास. मामांना तू जे सांगितलंस तेही मला कळलं. ‘मा-ओनानं सगळं विसरून माझ्याबरोबर फेरी मारली. मनानं मोठी बाई.’

आता ऐक, त्या फेरीत काय झालं. तुला ठाऊक नाही, कारण तुला तिची फक्त पाठ दिसत होती.

बाबा पाण्यात मेले नाहीत. मौन गावच्या दवाखान्याच्या वाटेवर ट्रकच्या हौद्यात, आईच्या मांडीवर मेले. आणि त्याआधी बोलले. बेशुद्ध म्हणून त्यांना ट्रकमध्ये घातलं, तेव्हापासून तुला वाटत आलं, की ते सगळं त्यांच्याबरोबरच गेलं. नाही गेलं. ते म्हणाले, “त्या पाटात जाऊ नको म्हणून पोराला बजावलं होतं. बाईला पिल्लू जवळून दाखवायला गेला. पाणघोडी त्याच्या होडीवर आली, तशी मी माझी मध्ये घातली.” आणि म्हणाले, “त्याला काही बोलू नकोस, दिकेलेदी. आपल्या ओनाचा नवरा व्हायचाय तो. बोललीस तर आयुष्यभर खाली मान घालून जगेल.” ती बोलली नाही. तू त्यांना दारुडा ठरवलंस तरी नाही. तुझ्या मामांनी लग्न मोडलं तरी नाही. मलासुद्धा नाही. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द होता.

त्या सकाळी ती तुझ्या होडीत बसली ती तुला खरं बोलायची संधी द्यायला. दोघंच असताना, तिच्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणून पाठ करून बसली. पाटात पोचल्यावर होडी थांबव म्हणाली. थांबली. ती वाट बघत राहिली. आणि तू काय केलंस? तू तिला पक्षी दाखवलेस. “तो बघा मा, खंड्या. ती कमळावरून चालणारी, तिला म्हणतात...” त्या पाण्यात जन्मलेल्या बाईला! घरी आल्यावर तिनं हे सगळं मला सांगितलं आणि म्हणाली, “त्यांनी चुकीच्या पोरासाठी होडी घातली, असं मला पहिल्यांदा वाटलं बघ.” इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हा.

हे पत्र मी आपणहून लिहीत नाहीये. परवा मामा तुझं आमंत्रण घेऊन आले. गावाच्या मंडळानं तुला नदीकाठची जागा दिली, तू स्वतःचा कॅम्प काढतोयस, त्याला ‘सामोचाओ’ नाव देतोयस, आणि उद्घाटन मा-ओनाच्या हातून व्हावं अशी तुझी इच्छा आहे. मामा पाणावल्या डोळ्यांनी सांगत होते. मी तर त्याच पावली गावच्या मुखियाकडे जायला निघाले होते. तुला उघडा पाडायचाच, हे मी ठरवून टाकलं होतं. आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं. म्हणाली, “येते म्हणून कळव. सगळा गाव जमेल, तिथं त्याला इंग्रजी चालणार नाही. मी पुढे बसेन. हे कसे गेले ते त्यानं सगळ्यांना सांगावं.” मी म्हटलं, “आणि पुन्हा दारूचंच सांगितलं तर?” तिनं माझा हात सोडला. मग म्हणाली, “मग मी उभी राहीन.”

कळव म्हणाली, कळवलं.

तुझी न झालेली,
ओना