कोऱ्या तक्रारवहीची चौकशी

नाशिक रोड, सोमवार

ती. मालिनीताईस,
धाकट्या गोविंदाचा नमस्कार. तुझा गुडघा आणि भाऊजींची साखर, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. (फोनवर तू 'सगळं छान' म्हणतेस, पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही तू तेच म्हणाली होतीस.) हे सगळं फोनवर का सांगत नाही, तर हल्ली फोनमध्ये कोण काय ऐकत असतं याचा भरवसा नाही. परवा घरात नुसतं 'वॉटरप्रूफिंग' म्हणालो, तर तासाभरात मोबाईलवर वॉटरप्रूफिंगची जाहिरात. म्हणून कागद. वाचून झाला की फाडून टाक.

आपल्या अण्णांचा ट्रस्ट संकटात आहे. गरिबांना घरं देणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांसाठी सरकारने नवा कायदा आणलाय. आधी अण्णांनी आणि मग मी, चाळीस वर्षं या बावीस खोल्या चालवल्या, पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेल्या माणसांना परवडेल अशा भाड्यात राहू दिलं, तेव्हा कोणाला आमची आठवण नव्हती. आता एकाएकी प्रेम उतू चाललंय. नव्याने नोंदणी करा, तपासणी करून घ्या, विश्वस्त मंडळावर एक भाडेकरू घ्या, खोली रिकामी ठेवू नका, तक्रारवही ठेवा आणि तक्रारीला चौदा दिवसांत उत्तर द्या. हे जमलं नाही तर खोल्या दुसऱ्या संस्थेकडे जाणार, आणि ती आपल्या भाडेकरूंना ठेवेलच असं नाही. ही दुसरी संस्था कोणती, ते कायद्यात लिहिलेलं नाही. माझा संशय त्या न लिहिलेल्यावरच आहे. परवाच एक जण समोर उभा राहून आपल्या इमारतीचा फोटो काढत होता. हटकलं तर म्हणतो, कबुतराचा काढतोय.

तक्रारवहीची मात्र मला धास्ती नव्हती. अकरा वर्षं वही आहे आणि एकही तक्रार नाही, पान न पान कोरं. (कोणी खराब करू नये म्हणून मी ती कपाटात कुलपात ठेवतो, हा भाग वेगळा.) मोठ्या अभिमानाने ती तपासणीला आलेल्या मोहिनी मॅडमपुढे ठेवली. वयाने तुझ्या अपूर्वाएवढी पोर, तिने वही उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, एकवीस कुटुंबं, अकरा वर्षं आणि कोणालाच काही त्रास नाही, हे मला संशयास्पद वाटतं. जन्मभर मी लोकांवर संशय घेतला, ताई, माझ्यावर कोणी घ्यायची ही पहिलीच वेळ. फार लागलं मनाला. दहा दिवसांनी पुन्हा येते म्हणाली. जाताना एक नंबरच्या खोलीला कुलूप का, हेही विचारलं. मी म्हटलं, सामान आहे.

मग मी दारोदार तक्रारी मागत फिरलो. नऊ नंबरात पुंजा राहतो, मार्केटात हमाली करतो. त्याची भिंत कमरेपर्यंत हिरवी झालेली. म्हटलं, पुंजा, तक्रार सांग. तो हात जोडून म्हणाला, "तक्रार कसली सायेब, लय झ्याक हाय." आत त्याची नात खोकत होती. ही नेमकी मी आल्यावरच कशी खोकते, असं मनात आलं, पण जिना उतरून खाली आलो तरी खोकला ऐकू येत होता. संध्याकाळपर्यंत सात घरांतून मला नागलीचे पापड, शेंगदाण्याचे लाडू आणि अख्खा भोपळा आला. मी खोल्या खाली करायला निमित्त शोधतोय, असा त्यांचा समज. (दोन वर्षांपूर्वी एकाने नळाबद्दल विचारलं होतं, तेव्हा मी त्याला 'जमत नसेल तर सोडा' म्हणालो होतो. तो खरंच सोडून गेला.)

शेवटी मीच पाच तक्रारी लिहिल्या. दोन डाव्या हाताने, एक हिरव्या शाईत. नळ ठिबकतो, दिवा गेला, अशा बिनविषारी. खाली 'निराकरण केले'. ठरल्या दिवशी मॅडम परत आली आणि तिने पुंजाला त्याच्या नावची तक्रार वाचून दाखवली, 'महोदय, सदर नळाबाबत नम्र निवेदन की'. पुंजा म्हणाला, "नाव माझं हाय बाई, पण येवढं भारी मला बोलता येत नाय."

त्यावर चौदा नंबरची कुसाबाई पुढे आली. सुरगाण्याकडची, शाळेत खिचडी शिजवते. मी तिचा आजवर अंगठाच घेत आलो. तिने पेन मागितलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'नऊ नंबरची भिंत तीन पावसाळे वली हाय. पोरीला दम लागतो. एक नंबर कोरडी हाय, तिथं ऊन येतं, पण कुलूप हाय. ती कोनासाठी?' लोकांनी लगेच तिलाच मंडळावरची प्रतिनिधी निवडलं. मॅडमने उत्तराला चौदा दिवस दिलेत. एवढी हिंमत कुसाबाईला आली कुठून? तू इथे उतरायचीस तेव्हा ती तुला भाकरी करून द्यायची, तुम्ही दोघी अजूनही फोनवर तासन् तास बोलता, म्हणून विचारतो. तू काही बोलली नाहीस ना?

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, संशय नसावा.

तुझा,
गोविंद

ता.क. मुद्द्याचं राहिलं. एक नंबरची खोली अण्णांनी तुझ्यासाठी ठेवलेली, तू तिथे तीन वर्षांत आली नाहीस, आणि माझ्यावर भरवसा नाही म्हणून किल्ली पुण्याला घेऊन गेलीस. ती कुरिअरने पाठव. पाकिटाला चिकटपट्टी लाव.

ता.क. २ (गुरुवार, पत्र टाकायचं राहिलं होतं). किल्ली पाठवू नकोस. आज सकाळी पुंजाच्या नातीला दवाखान्यात न्यावं लागलं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का. पुंजाने उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं, खरं सांगू का म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, ताई. परत आल्यावर कुलूप मीच फोडलं. पोर आता बरी आहे, आमच्याकडे झोपली आहे.

ता.क. ३. पुंजा एक नंबरात यायला तयार नाही. त्याला वाटतं यात माझा काहीतरी डाव आहे. दुपारपासून समजावतोय, तो नुसता हात जोडतो. तेव्हा पत्र मिळताच तू त्याला फोन कर आणि खोली खरंच दिली म्हणून सांग. नंबर मागे लिहिला आहे. माझ्या शब्दावर तो विश्वास ठेवणार नाही.