लाखोरीची भाजी उघडीच शिजवायची

माय,

काल मोहाडीच्या बाजारात लाखोरीची वाळलेली भाजी दिसली. करडीला दादाला भेटून परतत होते, भंडाऱ्याच्या बसला वेळ होता, म्हणून बाजारात शिरले. वांगी, ढेमसे, कोचई यांच्या ओळी संपतात तिथे एक म्हातारी पोतं अंथरून बसली होती. पुढ्यात वाळलेल्या पाल्याचा ढीग, काळपट हिरवा. मी वाकून चिमूटभर हातात घेतला आणि चुरगळला. भाताच्या तणशीसारखा वास आला, आणि त्याच्या मागून तुझ्या लुगड्याचा. तू ही भाजी नेहमी जुन्या लुगड्यावरच वाळत घालायचीस.

"तुमी खासान हे?" म्हातारीने विचारलं.

"काहून? नको खाऊ?"

"तसं नाई जी. शहरातले लोक दवाईसाठी नेतेत. कोनी मनते शुगरले चांगली, कोनी मनते वजन कमी होते. भूक लागली मनून कोनी नेत नाई."

"माझी माय बनवायची. करडीची होती."

"अशी मन ना मंग. करडीची पोरगी अन् तुमी-तुमी करून राहिली मी." तिने दोन ओंजळी जास्त टाकल्या. "तुले काई सांगा नाई लागत."

किती वेळ भिजवायची ते तिने सांगायला हवं होतं. मी विचारलं नाही.

आपल्या घरात प्रत्येकाचं एकेका भाजीशी वैर होतं. बाबांना कोचईचे कंद चालत नसत. चिंच कमी पडली की त्यांचा घसा खाजायचा आणि ते दिवसभर खाकरत तुला ऐकवत राहायचे. दादाला ढेमसे म्हणजे उकडलेला चिंधीचा गोळा वाटायचा. मला लाखोरी नको होती. काकूकडे एक-दोनदा खाल्ली होती, तेवढ्यावर माझं मत झालं होतं. काकू भाजी पाण्यातून काढायची, भांड्यात कोंबायची, वर ताटली झाकायची आणि गोठ्यात निघून जायची. परत येईपर्यंत भाजीचा काळा, कडू लगदा झालेला असायचा आणि दाताखाली रेती यायची. मी हे तुला सांगितलं तेव्हा तू हसलीस. "भाजी खराब नाई राहात व," म्हणालीस. "तिच्यासंगं घाई केली का थे बदला घेते." मग मला चुलीजवळ बसवून तू ती केलीस. आधी तांदळाच्या धुवणात भिजवलीस. मग पाणी ओतून टाकायचं नाही, भाजीच ओंजळीने वर उचलायची, म्हणजे माती तळाशी राहते. असं तीन वेळा. तेलात लसूण आणि लाल मिरची, त्यावर भाजी, मूठभर तांदळाची कणी. झाकण नाही. वाफ जाऊ द्यायची, कारण कडूपणा वाफेबरोबर जातो, असं तुझं म्हणणं. तू शेजारी बसून राहायचीस, हलवायचीस, पुन्हा बसायचीस. कणी फुलून भाजीला धरून यायची. तो पहिला घास मला आठवतो. त्यानंतर दरवर्षी भात कापल्यावर त्याच शेतात, बांधीत, लाखोरी वर आली की मी तुझ्याबरोबर खुडायला यायचे. शेंड्याची कोवळी डिरीच घ्यायची, फूल दिसलं की हात लावायचा नाही. सकाळच्या दवाने बोटं बधिर व्हायची आणि नखांत हिरवा रंग बसायचा. तो हिरवा रंग मी पुढे नागपूरला कॉलेजात गेल्यावर खिळ्याने खरवडून काढायचे, हे तुला माहीत नव्हतं.

आता त्या रविवारचं.

मी शिकवायला लागून दुसरं वर्ष होतं. नोकरी कायम नव्हती. दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, मागे लहानसं अंगण, त्यात तू प्रत्येक खेपेला काहीतरी लावून जायचीस. आमचे विभागप्रमुख सर आणि त्यांच्या पत्नी दुपारी जेवायला येणार होते. मी आठ दिवस त्याचाच विचार करत होते. पनीर, फुलकोबी, पुलाव, श्रीखंड असं सगळं ठरवलं होतं. तू आदल्या दिवशी आलीस, भाजीची थैली घेऊन. मी तुला नवी साडी दाखवली आणि पाहुणे आल्यावर कसं बसायचं, काय बोलायचं तेही सांगितलं. तू सगळ्याला "हव" म्हणालीस. "साडी पावने आल्यावर नेसीन, आतापासून कायले चुरगळू?" एवढंच तुझं म्हणणं. सकाळी मी पनीर तळत असताना तू मागच्या शेगडीवर लाखोरी चढवलीस. श्रीखंडाने तुझं पोट भरणार नाही हे तुला ठाऊक होतं आणि माझंही भरणार नाही असा तुझा अंदाज होता. भाजी उघडी शिजत होती. घरभर वास होता. मला तो जाणवलाही नाही, माय. तो मला घराचा वास वाटत होता.

पाहुणे अर्धा तास आधी आले. तू मागच्या अंगणात सांबार उपटायला गेली होतीस, पुलावावर कोथिंबीर हवी होती, अंगावर जुनी साडी, पदर खोचलेला. मॅडम सरळ स्वयंपाकघरात आल्या, काही मदत करू का विचारत. दारातच थांबल्या आणि त्यांनी नाक आक्रसलं. वाईट हेतूने नाही. सवय नसलेला माणूस आक्रसतो तसं. "हे काय शिजतंय?" म्हणून त्यांनी वाकून पाहिलं. सर त्यांच्या मागे होते. ते म्हणाले, "ही लाखोरी दिसते, लाखेच्या डाळीचा पाला. आमच्याकडे ढोरांना घालायचे. जास्त खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणतात. तुम्ही खाता?"

मी म्हणाले, "छे. ती आमच्या कामाच्या मावशींची आहे."

हे वाक्य मी विचार करून बोलले नाही. पण ते आपोआप आलं असंही म्हणता येत नाही. त्यात 'आमच्या' हा शब्द होता, 'मावशी' हा शब्द होता, आवाजात थोडा लाड होता. मी ते नीट बोलले. आणि मागचं दार उघडंच होतं. तू उंबऱ्यात उभी होतीस, हातात सांबाराची जुडी, तिच्या मुळांना माती. मॅडमनी तुझ्याकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "ह्याच का मावशी?"

माझ्याकडे तेव्हा वेळ होता. तू माझ्याकडे पाहिलंस आणि वाट पाहिलीस. मी गॅस बारीक केला. त्याची गरज नव्हती.

"हव जी," तू म्हणालीस. "माहीच भाजी हाये थे."

तू खोटं बोलली नाहीस. पुढे बरीच वर्षं मी याच गोष्टीचा आधार घेत आले, की तुझ्या तोंडून खोटं आलं नाही. तू सांबार धुतलास, चिरून माझ्या हाताशी ठेवलास, लाखोरीचं भांडं उचललंस, आणि एका ताटलीत भात घेऊन अंगणात गेलीस. आम्ही बाहेरच्या खोलीत जेवलो. सर पनीरची तारीफ करत होते. मध्येच मी पाणी आणायला आत गेले तेव्हा दारातून तू दिसलीस. पायरीवर बसून जेवत होतीस, सावकाश, नेहमीसारखी. जेवण झाल्यावर मॅडम आपलं ताट आत घेऊन आल्या. ते तू त्यांच्या हातातून घेतलंस आणि घासायला बसलीस. मी "राहू द्या हो, मावशी" म्हणाले. हो, मी तुला 'राहू द्या' म्हणाले. निघताना मॅडमनी त्यांनी आणलेल्या पेढ्यांतले चार काढून कागदात बांधले आणि तुझ्या हातात दिले. "घरी लेकरांना द्या." तू पदर सारखा करून ते घेतलेस.

ते गेले. मी दार लावलं आणि बाहेरच्या खोलीतच उभी राहिले. आत यायला मला बराच वेळ लागला. तू भांडी पुसत होतीस. नवी साडी घडी न मोडता तशीच खाटेवर होती. मला वाटलं तू रागावशील. मी त्याची तयारी केली होती, उत्तरंसुद्धा. नोकरीचं, कायम होण्याचं. तू कागदाची पुडी पुढे केलीस.

"घे. लेकरायले देल्ले त्याइनं. तूच हायेस माहं लेकरू, खाय."

मी पेढा खाल्ला. नाही म्हणायची हिंमत नव्हती. मग तू खाली पाहिलंस, स्वतःच्या पायांकडे, आणि बोटं हलवून पाहिलीस. "पाय जातेत मनत होते ना थे सर? माहे तं जलमभर लाखोरी खाऊन रोवन्याच्या चिखलात उभे राहिले. तुह्या सरले मन, कुस्ती खेळतो का?" आणि हसलीस. मीही हसले. माझं हसू थांबल्यावर तू म्हणालीस, "भाजी झाकून ठेवाले पायजे होती. माहीच चूक झाली."

तू कधीही, कुणाच्याही घरी, ती भाजी झाकली नव्हतीस. काकूला त्यावरून चार बायकांत बोलली होतीस.

नोकरी पुढे कायम झाली. तिचा त्या दुपारशी काही संबंध नव्हता. सरांना तर जेवायला काय होतं हेसुद्धा आठवत नव्हतं. तू त्यानंतरही येत राहिलीस. थैलीही आणायचीस, पण उघडण्याआधी विचारायचीस, "आज कोनी येनार हाये का?" कोणी येणार नसलं तरी मी कधी कधी 'हो' म्हणायचे, कारण त्या प्रश्नाचा मला राग यायचा. राग येणं सोपं होतं. नंतर तू थैली आणणं थांबवलंस. मी का ते विचारलं नाही, आणि तू गुडघे दुखतात, खुडणं होत नाही असं आपणहून सांगितलंस. दादाकडे मात्र शेवटच्या हिवाळ्यापर्यंत खुडत होतीस, हे मला तुझ्या तेरवीला वहिनीकडून कळलं. तिने त्या दिवशी तुझ्या आवडीची म्हणून लाखोरी केली, पानावर वाढली. "तुमाले नसन चालत ताई," म्हणून मला वाढलीच नाही. मी मागून घेतली नाही.

तुला वाचता येत नव्हतं. मी होस्टेलवरून लिहिलेली पत्रं दादा वाचून दाखवायचा, म्हणून त्यांत मी कधी खरं काही लिहिलं नाही. तब्येत, परीक्षा, पाऊस. हे पत्र कुणी वाचून दाखवणार नाही. म्हणून आणखी एक लिहिते. काही वर्षांपूर्वी वर्गात एका कथेवर बोलताना मी तो रविवार सांगितला. माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट म्हणून सांगितला. चांगला सांगितला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग त्या मैत्रिणीनं आईची माफी मागितली?" मी म्हणाले, हो, त्याच दिवशी. तिला बरं वाटलं. मलाही क्षणभर वाटलं. मग तास संपला.

तर आज ती भाजी केली. कुणाला बोलावलं नव्हतं, कुणी येणारही नव्हतं. तांदूळ धुऊन धुवण ठेवलं, भाजी त्यात भिजवली. किती वेळ ते आठवेना, म्हणून अंदाजाने. ओंजळीने तीनदा वर उचलली. तळाशी खरोखरच माती राहिली, ती मी बोट फिरवून पाहिली. तुझी बोटं माझ्यापेक्षा आखूड होती, पण ओंजळ मोठी होती. लसूण, मिरची, कणी. स्टूल ओढून गॅसजवळ बसले आणि हलवत राहिले. वास तसाच आला. हळूहळू सगळ्या खोल्यांत गेला, पडद्यांत, पुस्तकांत. मला बरं वाटत होतं. तुला पत्र लिहायचं हे तेव्हाच ठरलं, आणि त्यात असं लिहायचं की माय, आज माझ्या घरात तुझी भाजी उघडी शिजली. तेवढंच लिहायचं होतं. वरचं सगळं लिहायचं नव्हतं.

पण बेल वाजली. मी उठले, भाजीवर झाकण ठेवलं, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, आणि मग बाहेरचं उघडलं. कुरियरवाला होता. त्याने सही घेतली आणि गेला.